आवाजाचा ठेवा आणि घसाऱ्याचा हिशेब

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात १९८०च्या सुमारास झालेल्या एका व्याख्यानमालेच्या बावीस कॅसेटी होत्या. २००४ साली त्या सीडींवर उतरविण्यात आल्या आणि आता काम कायमचे झाले अशा समजुतीने मूळ कॅसेटी टाकून देण्यात आल्या. गेल्या वर्षी त्यांतील एका दिवंगत व्याख्यात्यांच्या कन्येने वडिलांचा आवाज ऐकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा बावीसपैकी नऊच सीडी वाजल्या. तिच्या वडिलांची त्यांत नव्हती. कॅसेटी टाकून देण्याच्या त्या निर्णयास प्रस्तुत लेखकाचीही संमती होती, हे प्रारंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

नवे माध्यम जुन्यापेक्षा टिकाऊ असते, या समजुतीत आमची चूक होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी गायिलेल्या लाखेच्या तबकड्या आजही वाजतात. उलट, १९७०-८०च्या दशकांतील कित्येक ध्वनिफितींवरील चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. कारखान्यात छापलेल्या सीडीवर ध्वनीच्या खुणा ठशाने उमटविलेल्या असतात. घरी वा कार्यालयात लिहिलेल्या सीडीवर त्या एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असतात आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर बिघडतो. पेनड्राइव्हमधील विद्युत्भार कालांतराने झिरपून जातो. हार्डडिस्क तर फिरते यंत्रच. ते केव्हातरी बंद पडणारच.

माध्यम टिकले, तरी ते वाजविणारे यंत्र टिकेल याची शाश्वती नाही. १९८७ साली बाजारात आलेल्या ‘डॅट’ या अंकीय ध्वनिफितीची यंत्रे सोनी कंपनीने २००५ साली बंद केली. ध्वनिफिती वाजविणारी चालू स्थितीतील यंत्रे झपाट्याने नाहीशी होत असून २०२५च्या सुमारास त्यांवरील नियमित काम अशक्य होईल, असा इशारा युनेस्को व ध्वनी-अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ सालीच दिला होता. मोठी अभिलेखागारे ‘एलटीओ’ या संगणकीय फिती वापरतात. पण तिच्याही आठव्या पिढीचे यंत्र सहाव्या पिढीची फीत वाचू शकत नाही.

मग विश्वासार्ह माध्यम कोणते? वस्तुतः हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जातो. विश्वासार्ह असते ती व्यवस्था, वस्तू नव्हे. मूळ ध्वनी संक्षेप न करता, ‘वेव्ह’ स्वरूपात, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने उतरवावा. एका तासाच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणास सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते; म्हणजे पाचशे तासांचा संग्रह एका टेराबाइटच्या आसपास बसतो. त्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. २००८ साली हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत अनेक मूळ ध्वनिफिती नष्ट झाल्या. २०१९चा महापूर तर सांगली-कोल्हापूरकरांनी स्वतः अनुभवला आहे. प्रत्येक फाइलची ‘चेकसम’ नावाची अंकखूण नोंदवून ती दरवर्षी ताडून पाहावी, आणि डिस्क बिघडण्याची वाट न पाहता सुमारे पाच वर्षांनी बदलावी. भाड्याच्या दूरस्थ संगणकावर एक प्रत ठेवण्यास हरकत नाही. मात्र भाडे थकले की ठेवाही जातो, याचे भान असावे. आणि मूळ फीत कधीही टाकू नये.

यात दुर्मिळ यंत्रसामग्रीपेक्षा सातत्याची गरज अधिक आहे, आणि आपल्या संस्थांचे अंदाजपत्रक नेमके तेथेच तोकडे पडते. खरेदीसाठी अनुदान मिळते, समारंभ होतो, छायाचित्र छापून येते; देखभालीच्या आवर्ती खर्चाला शीर्षकच नसते. यंत्रावर घसारा धरणारा हिशेबनीस ध्वनिसंग्रहावर मात्र तो धरीत नाही.

सर्वच काही जपणे परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून निवड करावी. चित्रपटगीतांच्या सहस्रावधी प्रती घरोघर आहेत. परंतु जात्यावर ओवी गाणाऱ्या वृद्धेच्या आवाजाची प्रत बहुधा एकच असते. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. शब्द कागदावर राहू शकतात. गळा आणि चाल केवळ ध्वनिमुद्रणातच राहते. जे अन्यत्र नाही, ते आधी जपावे.

प्रत्येक महाविद्यालयाने, ग्रंथालयाने आणि नाट्यसंस्थेने येत्या अंदाजपत्रकात ‘ध्वनिसंग्रह देखभाल’ असे एक लहानसे शीर्षक घालावे आणि त्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. त्या कन्येला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. दुसऱ्या कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढे करणे अद्याप हाती आहे.