स्वस्त दिवा, महाग भट्टी : कार्बनकपातीचा हिशेब

भिलाई : महामार्गालगतच्या सुपेला बाजारात एखाद्या दुकानदाराने 60 वॅटचा जुना दिवा काढून 9 वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास वापरला, तर वर्षाला सुमारे 93 युनिट वीज वाचते. देशात विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका दिव्यामागे 65 किलोंची कपात. दिव्याची किंमत काही महिन्यांच्या वीजबिलातच वसूल होते आणि त्यानंतरची कपात नफ्यासह पदरी पडते. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत 36 कोटींहून अधिक दिवे वितरित झाले, त्यामागे हेच गणित होते.

रेल्वेमार्गापलीकडील पोलाद कारखान्यात मात्र हे गणित उलटे होते. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता; 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. या भट्टीत कोक केवळ उष्णता देत नाही, तो लोहखनिजातील प्राणवायू खेचून घेतो. त्यामुळे नुसती वीज हरित केल्याने प्रश्न सुटत नाही. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जागतिक सरासरी दोन टनांच्या आत आहे.

ही राष्ट्रीय सरासरी लावली, तर वर्षाला 50 लाख टन पोलादामागे उत्सर्जन सव्वा कोटी टनांवर जाते. भिलाईच्या मरोदा जलाशयावर योजलेल्या 15 मेगावॅटच्या तरंगत्या सौर प्रकल्पातून, ढोबळ अंदाजाने, 15 ते 18 हजार टनांची वार्षिक कपात होईल. प्रकल्प किफायतशीर आहे, पण हा वाटा हजारात दीड भागही नाही. भट्टीच्या वायूच्या दाबावर वीजनिर्मिती, वाया जाणाऱ्या उष्णतेचा वापर हे उपायही परवडणारे. त्यांचीही मर्यादा लवकर येते.

त्यापुढचा मार्ग हायड्रोजनचा. एक टन पोलादाला सुमारे 55 किलो हायड्रोजन लागतो. किलोला 300 रुपये भाव धरला, तर तेवढ्यावरच 16,500 रुपये खर्च. कोळशाची बचत त्यातून वजा होईल, पण नव्या भट्ट्यांचे भांडवल वर चढेल. 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात पोलाद क्षेत्रातील पथदर्शी प्रकल्पांसाठी 455 कोटी रुपये आहेत.

हा भार कोण उचलणार, हा खरा वाद. निर्यातदार कारखान्यांना युरोपीय संघाच्या सीमा-कार्बन कराचा धाक आहे. भिलाईचे रूळ मात्र मुख्यतः भारतीय रेल्वेला जातात. हरित रुळाची वाढीव किंमत रेल्वेवर, पर्यायाने प्रवासी आणि करदात्यांवर येईल. ती टाळली तर कारखान्याच्या नफ्यावर, आणि कारखान्याच्या पगारावर चालणाऱ्या सुपेल्यातील दुकानांवरही. लाभाची वाटणी वेगळीच : कार्बनकपातीचा फायदा साऱ्या जगाला, धूर-धूळ घटल्याचा फायदा मात्र थेट भिलाईकरांना. राष्ट्रीय खर्च-लाभाच्या तक्त्यात हा दुसरा फायदा बहुधा तळटीपेत जातो, हे अन्यायाचे आहे.

2023 मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेच्या कक्षेत लोह-पोलाद उद्योगही आहे. तिथे एका टनाला काय भाव मिळतो, यावर बरेच अवलंबून राहील. झोतभट्टीचे आतले अस्तर साधारण 15 ते 20 वर्षांनी बदलावे लागते. एकदा नवे अस्तर बसले की ती भट्टी पुढची तितकीच वर्षे कोकवर चालणार. देशाचे शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य 2070 चे आहे.