बरगडी हलते म्हणून श्वास चालतो

मोटारसायकल घसरली किंवा न्हाणीघरात पाय सटकला आणि बरगडीला मार बसला, की घरातला कुणीतरी लगेच क्रेप बँडेज काढून छातीभोवती घट्ट आवळतो. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात, तसं बरगडीलाही जखडून ठेवायला हवं, असं त्याला मनापासून वाटत असतं. पण हाताला महिनाभर विश्रांती देता येते. बरगडीला एक मिनिटही देता येत नाही, कारण ती हलते म्हणून आपल्याला श्वास घेता येतो.

फुफ्फुसं स्वतःहून हवा ओढून घेतात, असं बहुतेकांना वाटतं. हवा ओढण्यासाठी लागणारे स्नायू फुफ्फुसांत नसतातच. उलट त्यांचा कल सतत आक्रसण्याकडे असतो आणि छातीच्या भिंतीचा कल बाहेर फाकण्याकडे. या दोघांना फुफ्फुसावरणाच्या दोन पदरांमधला द्रवाचा पातळ थर एकमेकांना धरून ठेवतो. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं आणि बरगड्यांमधले स्नायू बरगड्या उचलतात. वरच्या बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला, म्हणजे उरोस्थीला, पुढे ढकलतात. खालच्या बरगड्या बादलीची कडी उचलावी तशा बाजूंना वर येतात. छातीची पोकळी मोठी होते आणि हवा आत येते. भोसकल्याने छातीच्या भिंतीला भोक पडलं आणि हवा त्या दोन पदरांमध्ये शिरली, तर फुफ्फुस आक्रसतं ते यामुळेच.

आता पट्ट्याचं पाहू. छाती आवळली की दुखणं थोडं कमी वाटतं, पण श्वास उथळ होतो. फुफ्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बरगडी मोडलेल्या वृद्धांना अनेकदा हाडापेक्षा या न्यूमोनियाचाच धोका मोठा असतो. म्हणून डॉक्टर पट्टा न बांधता वेदनाशामक देतात, मुद्दाम खोल श्वास घ्यायला लावतात, छातीशी उशी धरून खोकायला सांगतात. साधी मोडलेली बरगडी सुमारे सहा आठवड्यांत आपोआप जुळते. एक्स-रे साफ आला म्हणजे बरगडी शाबूत आहे, असंही नाही. साध्या एक्स-रेत बारीक मोड सहज सुटून जाते.

बरगड्यांच्या आत फक्त हृदय आणि फुफ्फुसं असतात, हा समजही महागात पडतो. पूर्ण श्वास सोडल्यावर श्वासपटलाचा घुमट जवळजवळ स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर येतो. त्यामुळे खालच्या बरगड्यांच्या मागे उजवीकडे यकृत असतं आणि डावीकडे प्लीहा. तिथे जोरदार मार बसून चक्कर किंवा पोटदुखी सुरू झाली, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी घरी शेकत बसू नये.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची रीत गावोगावी आहे. उसण बहुधा स्नायू आखडल्याने भरते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र त्या पायाला मिळतं. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. पण हाडं ठिसूळ झालेल्या आजीची बरगडी जोराच्या खोकल्यानेही मोडू शकते. तिच्या पाठीत लाथ मारू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी असते, ही समजूत बायबलमधल्या आदम-हव्वेच्या कथेतून आली. व्हेसॅलियसने 1543 मध्ये आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात ती खोडून काढली. दोघांनाही बारा जोड्याच असतात. वरच्या सात जोड्या आपापल्या कूर्चेने उरोस्थीला भिडतात, पुढच्या तीन वरच्या कूर्चेला चिकटतात आणि शेवटच्या दोन पुढे कशालाच न जोडता स्नायूंत संपतात. उरोस्थीच्या खालच्या टोकाला, पोटाच्या वरच्या खळग्यात, जो टणक उंचवटा लागतो, तोही त्या हाडाचाच भाग आहे. वजन कमी झालं की तो नव्याने हाताला लागतो आणि लोक गाठ समजून घाबरतात.

बरगडी आणि कूर्चा जिथे जुळतात तिथे सूज आली, तर दाबल्यावर दुखतं. त्यावरून लोकांनी एक घातक नियम करून टाकला आहे: दाबल्यावर दुखलं तर ते हृदयाचं नाही. या दुखण्याने हृदयविकाराची शक्यता कमी होते, संपत नाही. छाती जड वाटत असेल, घाम फुटत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर दाबून पाहण्यात आणि गॅसची गोळी शोधण्यात वेळ घालवू नका.

सर्वात जास्त नुकसान मात्र भीतीमुळे होतं. कोसळलेल्या माणसाची छाती दाबायला लोक धजत नाहीत. हाडं मोडतील, असं त्यांना वाटतं. प्रौढांच्या बाबतीत बरगड्या मोडतातही, उतारवयात कूर्चा कडक झाल्याने जास्तच. मोडलेली बरगडी जुळते. थांबलेलं हृदय वाट पाहत नाही. दाबायचं कुठे, याबद्दलही घोळ आहे. हृदय डावीकडे असतं म्हणून लोक डाव्या स्तनाखाली दाबतात. खरं तर हृदय उरोस्थीच्या मागे असतं, फक्त त्याचा मोठा भाग डावीकडे झुकलेला असतो. माणूस हाका मारूनही जागा होत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा आणि त्याला कठीण जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपर ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. हात दमले तर दुसऱ्याला बसवा. रुग्णवाहिका येईपर्यंत दाबणं थांबवू नका.