पाने टाकण्याचे काम

ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेत हौशी खेळाडूचा सर्वाधिक वेळ कशात जातो, याचे सरळ उत्तर ‘पाने टाकण्यात’ असे आहे. नऊ जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू पाचांतले चार डाव तरी पहिल्याच संधीला सोडून देतो. ‘फोल्ड’ या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया म्हणजे बटण दाबून आपली दोन पाने परत करणे, आणि तासाला साठ-सत्तर डाव पडद्यावरून सरकत असताना ती पन्नासेक वेळा करावी लागते. तीन पत्तीच्या बैठकीत पॅक होऊन बसलेल्याला निदान दुसऱ्याची थट्टा करता येते, चहा मागवता येतो. पडद्यासमोर एकट्याने बसलेल्याला पुढच्या डावाची वाट पाहण्यापलीकडे उद्योग नसतो, आणि हौशी माणसाच्या पुष्कळशा चुका या रिकामपणातूनच होतात.

या स्पर्धांत मुख्यतः ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार खेळला जातो. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्यभागी सर्वांची सामाईक अशी पाच पाने आधी तीन, मग एक आणि मग शेवटचे एक अशा क्रमाने उघडली जातात, दर टप्प्यावर पैजा लागतात, आणि या सातांतून ज्याचा पाच पानांचा हात सर्वांत मोठा ठरतो त्याला मधल्या साऱ्या चिपा मिळतात. शेवटच्या पानाला ‘रिव्हर’ म्हणतात आणि पोकरमधल्या निम्म्या तक्रारी त्याच्याच नावावर जमा असतात. पाने वाटण्यापूर्वीच दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची पैज मांडावी लागते, तिला ‘ब्लाइंड’ असे नाव आहे. तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी तिची गल्लत होऊ नये, कारण तेथे पाने न पाहता खेळणे हा खेळाडूचा तोरा असतो, तर येथे ती नुसती पट्टी आहे, आणि स्पर्धेत ठरावीक मिनिटांनी ती वाढत जात असल्यामुळे चांगल्या पानांची वाट पाहत स्वस्थ बसणाऱ्याची पुंजी आपोआप झिजते. 52 पानांतून दोन पानांच्या 1,326 जोड्या होतात. त्यांतली एक्क्यांची जोडी सरासरीने 221 डावांतून एकदा हाती येते, म्हणजे सलग तीन तास बसले तरी ती येईलच असे नाही. टाकत राहावे तर पट्टी खाते आणि टाकू नये तर वाईट पाने बुडवतात, अशा कात्रीत हा खेळ चालतो.

हौशी खेळाडू या प्रकाराकडे ओढला गेला त्याला मोठे कारण 2003 सालचे आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस शंभर डॉलरांहूनही कमी शुल्काच्या एका ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास व्हेगसच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचला, जिची प्रवेश फी 10,000 डॉलर होती, आणि 838 जणांना मागे टाकून त्याने 25 लाख डॉलर जिंकले. (आडनावासकट ही हकीकत एखाद्या कादंबरीत आली असती, तर संपादकाने ती काटली असती.) त्यानंतरची काही वर्षे जगभरच्या हिशेबनिसांनी, विद्यार्थ्यांनी आणि रात्रपाळीवाल्यांनी पडदे भरून टाकले. भारतात मात्र ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या हौशी खेळाडूला उरल्या त्या फुकट चिपांच्या स्पर्धा, नाहीतर पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटी.

स्पर्धेतल्या चिपा म्हणजे पैसे नव्हेत, ही गोष्ट हौशी खेळाडूला ऐकून ठाऊक असते. अंगवळणी मात्र फार उशिरा पडते. नऊ जणांच्या एका टेबलाची साधी स्पर्धा घेतली, तर तिच्या जुन्या, प्रचलित रचनेत प्रत्येकजण 11 डॉलर भरतो, त्यातला एक डॉलर चालकाचा कट म्हणून जातो, उरलेल्या 90 डॉलरांतून पहिल्या तिघांना 45, 27 आणि 18 डॉलर मिळतात, आणि चौथ्याच्या हाती काहीच लागत नाही. सुरुवातीला प्रत्येकापाशी 1,500 चिपा असतात, म्हणजे टेबलावर एकूण 13,500. विजेत्याकडे अखेरीस या साऱ्या चिपा जमा होतात, पण बक्षिसाचा मात्र निम्माच वाटा येतो; तेव्हा जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा नेहमी स्वस्त पडते. समजा चौघे उरले आहेत आणि प्रत्येकाकडे 3,375 चिपा आहेत. या घडीला प्रत्येकाचा हिस्सा 22.50 डॉलरांचा झाला. एकाने सगळ्या चिपा पुढे लोटल्या, म्हणजे ‘ऑल-इन’ केले, आणि दुसऱ्याने त्या स्वीकारल्या, तर जिंकणाऱ्याकडे 6,750 चिपा येतात. चिपांच्या प्रमाणात पहिला क्रमांक, आणि उरलेल्यांत त्याच प्रमाणात पुढचे क्रमांक, या गृहीतावरचा हिशेब (त्याला ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ म्हणतात) सांगतो की त्याचा हिस्सा 45 डॉलरांवर न जाता 34.50 वरच थांबतो. साडेबावीस पणाला लावून बारा मिळवायचे, तर शंभरांत किमान 65 वेळा जिंकता आले पाहिजे. एक्का-राजा हा हातसुद्धा इतक्या वेळा जेमतेमच जिंकतो, आणि तेही समोरच्याने डोळे मिटून वाटेल ती दोन पाने लोटली असतील तर. उरलेले साडेदहा डॉलर कोठे गेले? या डावात बोटही न हलवलेल्या दोघांकडे, प्रत्येकी सव्वापाच. पाने टाकण्याचा मोबदला मिळतो तो असा, दुसऱ्यांच्या भांडणातून.

बक्षिसाच्या उंबरठ्यावरच्या या अवस्थेला ‘बबल’ म्हणतात. अनेक टेबलांच्या मोठ्या स्पर्धेत तिचे दृश्य पाहण्यासारखे असते. एका टेबलाने रेंगाळून दुसऱ्यावरचा कोणी बाद होण्याची वाट पाहू नये म्हणून या टप्प्यावर प्रत्येक टेबलाने एकच डाव खेळून थांबायचे आणि सर्वांचा संपला की पुढचा सुरू करायचा असा नियम लागतो. मग पडदा थिजतो. कोपऱ्यातल्या खिडकीत उरलेल्या खेळाडूंचा आकडा तसाच राहतो, नावाखालची वेळेची पट्टी इंचाइंचाने आटते, आणि जो कालपर्यंत दर डावाला उड्या मारत होता तोही दश्श्यांची जोडी दोन्ही हातांनी जपून ठेवावी तशी ठेवून, अखेर टाकून देतो. इतका वेळ न दिसलेली शिस्त येथे एकाएकी दिसते. ती पहिल्या तासात असती, तर पुष्कळांना येथे इतक्या थोड्या चिपांनिशी यावे लागले नसते.

नशिबाचा भाग अर्थात लहान नाही. एक्क्यांची जोडी दुसऱ्या कोणत्याही जोडीशी भिडली, तर पाचांत साधारण चार वेळा जिंकते. तरी असे प्रसंग पाच आले आणि पाचही वेळा ती टिकली, असे घडण्याची शक्यता फक्त 33 टक्क्यांच्या आसपास आहे. ऑनलाइन डाव भराभर होत असल्याने असे पराभवही एका रात्रीत भराभर साठतात, आणि पाने वाटणारी यंत्रणाच खोटी असल्याचा संशय हौशी मनात येतो.

संशय फिटण्याचे साधन मात्र संगणकावरच असते. प्रत्येक डाव तेथे मजकुराच्या स्वरूपात साठवता येतो, आणि बाद झालेल्या रात्रीची ही नोंद दुसऱ्या दिवशी वाचणे हा या छंदातला सर्वांत नीरस भाग आहे. लक्षात राहिलेला असतो तो शेवटचा डाव: आपल्याकडे अठ्ठ्यांची जोडी, समोर एक्का-गुलाम, 900 चिपा मध्ये, आणि रिव्हरला आलेला एक्का. नोंद उलट क्रमाने वर सरकवत गेले की चाळीस-एक डाव आधी, ब्लाइंड 50 आणि 100 असताना, दुसऱ्याने वाढवलेल्या पैजेवर बदाम राजा आणि किलवर नव्वी घेऊन आत शिरलेला एक डाव सापडतो. मध्ये राजा उघडला, तीनही टप्प्यांवर समोरच्याची पैज भरली गेली, आणि समोर राजा-राणी निघाली. त्या एका डावात 1,100 चिपा गेल्या होत्या. त्याच्या आधी सलग सतरा डावांपुढे एकच शब्द छापलेला आहे, ‘फोल्ड’.