कानाने शिकायचे इंग्रजी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर हे गाव वृत्तपत्राच्या कागदाच्या गिरणीभोवती वसले आणि 1956 मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते जिचे उद्घाटन झाले, त्या ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’च्या नावाचे संक्षिप्त रूप असलेला ‘नेपा’ हा शब्दच पुढे गावाचे नाव झाला. अशा कामगारवस्त्यांमध्ये मिल, शिफ्ट, ड्यूटी, ओव्हरटाइम हे शब्द कोणी पुस्तकातून आणत नाही. ते कानावर पडतात, तोंडात बसतात आणि मराठी, निमाडी किंवा हिंदी वाक्यात बिनबोभाट मिसळून जातात. शाळेतील इंग्रजी मात्र नेमके उलट्या वाटेने येते, म्हणजे आधी फळ्यावरची अक्षरे, मग स्पेलिंग, मग अर्थ आणि शेवटी, वेळ उरलाच तर, उच्चार.

या उलट्या क्रमाचा परिणाम असा होतो की कागदावरील वाक्यातला प्रत्येक शब्द ओळखणारा विद्यार्थी तेच वाक्य ऐकताना गोंधळतो. लिहिताना दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली असते, बोलताना ती नसते. शिवाय मराठीत शब्दातील अक्षरांना बहुधा सारखेच वजन मिळते, तर इंग्रजीत आघात असलेला अवयव ठळक आणि लांब उच्चारला जातो व बाकीचे गिळले जातात. म्हणून पुस्तकात ‘कम्फर्टेबल’ वाचलेल्या मुलाच्या कानावर ‘कम्फ्टबल’ असे काहीतरी पडते आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’ यांसारखे लहान शब्द तर जवळजवळ विरघळून जातात. त्यात ध्वनिभेदांची भर पडते. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’ हा भेद मराठी लिपी दाखवते, पण तो कानाला कोणी शिकवलेला नसतो. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचेही तसेच आहे, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच उच्चारणाऱ्या मराठी माणसासाठी वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घपणा हा मुख्यतः शुद्धलेखनात गुण घालवण्याचा विषय आहे.

या अडचणीवर वर्गात सहसा जो उपाय केला जातो, तो म्हणजे उतारा ऐकवणे आणि त्यावर पाच प्रश्न विचारणे. जॉन फील्ड या अभ्यासकाने 2008 मधील आपल्या पुस्तकात या पद्धतीवर घेतलेला आक्षेप रास्त आहे: अशा तासात श्रवणाची परीक्षा होते, शिकवण होत नाही. उत्तर चुकले तर कान कोठे अडखळला हे शोधण्याऐवजी बरोबर उत्तर सांगून शिक्षक पुढे जातो.

श्रवणकृती, म्हणजे ऐकता ऐकता काहीतरी करायला लावणारा उपक्रम, येथे उपयोगी पडते. तिच्यासाठी नेपानगरला साहित्य शोधत फिरण्याची गरज नाही, कारण गावाचे स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ–खंडवा मार्गावर आहे आणि रेल्वेची उद्घोषणा हा श्रवणाचा उत्तम पाठ आहे. तिचा साचा ठरलेला असतो, गाडीचा क्रमांक एकेक अंक सुटा करून सांगितला जातो आणि तोच मजकूर हिंदीतही ऐकू येत असल्याने अर्थाचा आधार आधीच मिळालेला असतो. शिक्षकाने अशी उद्घोषणा स्वतः वाचावी आणि मुलांनी कोऱ्या तक्त्यात पहिल्या वेळी फक्त क्रमांक, दुसऱ्या वेळी फलाट आणि तिसऱ्या वेळी उशीर किती हे भरावे. प्रत्येक वेळी कशाकडे लक्ष द्यायचे ते आधीच माहीत असल्याने सगळेच समजले पाहिजे हे दडपण राहत नाही. त्यानंतर लेखी मजकूर हाती देऊन, जो शब्द बहुतेकांना ऐकू आला नाही, तो वाक्यात कसा दबला हे दाखवावे. खरे शिकणे या शेवटच्या टप्प्यात असते आणि नेमका तोच घंटेच्या घाईत गाळला जातो.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘डिक्टोग्लॉस’ नावाची कृती आहे, जिचा विस्तार रूथ वाजनरिब यांनी 1990 मध्ये केला. नेहमीच्या श्रुतलेखनात वाक्य तुकड्या-तुकड्यांनी सांगितले जाते; येथे लहानसा उतारा नेहमीच्या वेगाने दोनदा वाचला जातो, मुले सुटे शब्द टिपतात आणि मग गटात बसून तो मजकूर आपल्या परीने पुन्हा उभा करतात. मूळ उताऱ्याशी ताडून पाहताना कोणता प्रत्यय किंवा अव्यय निसटले हे त्यांचे त्यांनाच दिसते, आणि व्याकरणाच्या नियमापेक्षा ही चुकामूक अधिक लक्षात राहते.

साधनांच्या अभावाची सबब येथे फारशी टिकत नाही. 1980 च्या दशकात केनियात प्राथमिक वर्गांना इंग्रजी शिकवण्यासाठी रेडिओ पुरला होता. त्या पाठांत निवेदक प्रश्न विचारून थांबे आणि त्या मोकळ्या जागेत अख्खा वर्ग उत्तर देई. आज मोबाइल आहे, पण खरे साधन शिक्षकाचा आवाजच आहे, कारण तो गरजेप्रमाणे थांबतो आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून पुन्हा सांगतो. स्वतःचा उच्चार ‘साहेबी’ नाही म्हणून संकोचणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे की जगात बोलले जाणारे बरेचसे इंग्रजी तसे नसतेच.

अगदी प्रारंभीच्या वर्गासाठी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी 1960 च्या दशकात मांडलेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ ही पद्धत, म्हणजे आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देणे, सर्वांत सोपी आहे. शिक्षक इंग्रजीत ‘उठा’, ‘दाराला हात लावा’ असे म्हणत प्रथम स्वतः तसे करतो, मुले अनुकरण करतात आणि नंतर केवळ शब्दांवर हालचाल करतात. बोलण्याची सक्ती नसते, कारण बोलण्यापूर्वी बराच काळ केवळ ऐकत राहणे हा भाषा शिकण्याचा स्वाभाविक टप्पा मानला जातो. निमाडच्या या पट्ट्यात या पद्धतीचे आणखी एक महत्त्व आहे. घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला, जिचे कूळ हिंदी-मराठीहून अगदी वेगळे आहे अशा भाषेतून वर्गात यावे लागते आणि ‘इसका मतलब बताओ’ ही सूचनाच त्याच्यासाठी परभाषेचा पाठ ठरते. अभिनयातून दिलेल्या इंग्रजी आज्ञेपुढे मात्र ते मूल आणि मराठी किंवा हिंदी बोलणारे त्याचे सोबती एकाच रेषेवर उभे असतात.