घरगुती साबण आणि ‘सोडा’ हा शब्द

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मोहाच्या झाडांचे. मोहाच्या बियांचे तेल तेथील आदिवासी समाजांत खाण्यासही वापरले जात आले आहे. या भागात घरी साबण करावयाचा झाल्यास हाताशी असणारे तेल हेच होय. दुसरा आवश्यक पदार्थ मात्र दुकानातून आणावा लागतो, आणि तो मागताना जो शब्द उच्चारला जातो तेथूनच कित्येक चुकांना आरंभ होतो. साबण बिघडला किंवा हात भाजला म्हणजे करणाऱ्याच्या हलगर्जीपणाला दोष देण्याची रीत आहे. तो दोष पुष्कळदा शब्दांकडे जातो, हे थोड्या बारकाईने पाहिल्यास ध्यानात येते.

मराठीत ‘सोडा’ या एका नावाखाली तीन भिन्न पदार्थ नांदतात. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आणि साबणास लागणारा तो सोडियम हायड्रॉक्साइड. तिन्ही पांढरे, तिन्ही पाण्यात विरघळणारे. पहिल्या दोहोंना ‘खाण्याचा’ व ‘धुण्याचा’ ही अर्थवाही विशेषणे लाभली आहेत. तिसऱ्याच्या वाट्याला ‘कॉस्टिक’ हा शब्द आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जाळणारा’ असा आहे, परंतु तो अर्थ मराठी कानापर्यंत पोहोचत नाही. ग्रंथांत रूढ असलेला ‘दाहक सोडा’ हा प्रतिशब्द धोक्याची सूचना स्वतःच देतो; पण दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांनाही तो ठाऊक नसतो, आणि जेथे त्याची खरी गरज तेथेच तो नाही.

परिणाम दुहेरी होतो. कोणी धुण्याचा सोडा आणून तेलात घालतो. त्याने शुद्ध तेलाचा साबण होत नाही; मात्र जुन्या, खवट तेलात मोकळी मेदाम्ले असतात, त्यांच्याशी त्याची क्रिया होऊन थोडा फेस येतो व ‘साधले’ असा भास होतो. नंतर हाती राहतो तो तेलकट चिखल. याउलट दाहक सोडा स्वयंपाकघरातील बरणीत ‘सोडा’ म्हणून ठेवला गेला, तर जो प्रसंग ओढवेल त्यापुढे साबण बिघडणे ही क्षुल्लक गोष्ट आहे. तो पोटात गेल्यास तोंड व अन्ननलिका भाजते. अशा वेळी ओकारी काढविण्याचा प्रयत्न करू नये, कारण भाजलेल्या मार्गावरून तोच पदार्थ पुन्हा वर येतो. तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘सोड्याचे पाणी करणे’ हा प्रयोगही असाच निसरडा आहे. कशात काय घालावयाचे, हे त्यातून कळत नाही. कणीक भिजविताना पिठात पाणी घालण्याची हाताला सवय असते, आणि तीच येथे घात करते. दाहक सोडा विरघळताना मोठी उष्णता बाहेर पडते. सोड्यावर पाणी ओतले की ते जागच्या जागी उकळून अंगावर उडते. म्हणून पाणी आधी घ्यावे व त्यात सोडा थोडाथोडा सोडून ढवळावे. भांड्याविषयीही एक अडचण आहे. ‘अॅल्युमिनियम वर्ज्य’ असे कितीही बजावले, तरी ज्या घरात त्या भांड्याला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणतात तेथे ती सूचना लागू पडत नाही. दाहक सोडा हा धातू खातो आणि त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो. जवळच चूल पेटलेली असेल तर आणखीच वाईट.

‘तेल’ हा शब्दही फसवा आहे. एक किलो खोबरेल तेलाचा साबण होण्यास सुमारे १८३ ग्रॅम दाहक सोडा लागतो. मोहाच्या तेलास सुमारे १३५ ग्रॅम पुरतो. खोबरेलाची कृती जशीच्या तशी मोहाच्या तेलास लावली, तर किलोमागे जवळजवळ ५० ग्रॅम सोडा मोकळा राहतो व असा साबण कातडी सोलतो. तो महिनाभर मुरविला की सौम्य होईल, ही समजूत चुकीची आहे. मुरताना मुख्यतः पाणी उडते. एवढा जास्तीचा सोडा त्याने नाहीसा होत नाही. शिवाय खेड्यात तेल मापाने, म्हणजे लिटरने घेतात, आणि लिटरभर तेल वजनाने साधारण ९१० ते ९२० ग्रॅमच भरते. लिटरला किलो मानले की तेवढ्यानेही सोडा अधिक होतो. हळद लावून परीक्षा पाहणारे आहेत. पण हळद चांगल्या साबणानेही लाल होते, तेव्हा तिच्यावर विसंबता येत नाही.

‘घट्ट झाले’ या शब्दांत तर दोन अगदी वेगळ्या क्रिया मिसळल्या आहेत. तेल आणि सोडा यांचा संयोग होत आला की मिश्रण दाट होते, आणि काठी फिरविल्यावर तिची रेघ उमटून राहते. परंतु मोहाचे तेल थंडीत आपोआपच थिजते. पौषातल्या सकाळी ते असे थिजले की साबण जमला असे वाटते, मिश्रण साच्यात ओतले जाते, आणि दिवस वर आल्यावर तेल वेगळे व सोड्याचे पाणी वेगळे होते. ‘थिजणे’ हा नेमका शब्द बोलीत आहे, तुपाविषयी तो नित्य वापरला जातो. साबणाच्या वेळी मात्र तो कोणाला आठवत नाही.

पावसाळ्यात निराळाच प्रकार होतो. मोहाच्या बिया पावसाच्या तोंडाशी गोळा होतात, म्हणजे ताजे तेल मिळते ते नेमके ओलसर हवेच्या दिवसांत. उघड्या डब्यातील दाहक सोड्याला पाणी सुटते, आणि हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा बनू लागतो. डब्यावरचे नाव तेच राहते, आतला पदार्थ बदललेला असतो. मग तोललेले वजन बरोबर असूनही साबण जमत नाही.

राहता राहिला ‘क्षार’. मराठी शालेय रसायनशास्त्रात क्षार म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा, मिठाच्या जातीचा पदार्थ. आयुर्वेदात मात्र क्षार म्हणजे दाह करणारे द्रव्य. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात त्याच्या कृतीचे सविस्तर वर्णन असून, क्षाराने झालेला दाह आंबट पदार्थाने शमतो असेही सांगितले आहे. भाजलेल्या जागी लिंबू पिळण्याची घरगुती रीत या विचाराशी जुळणारी आहे. आजचे वैद्यक ती मान्य करीत नाही: आम्ल आणि दाहक सोडा यांच्या संयोगातून पुन्हा उष्णताच निर्माण होते, आणि मोलाचा वेळ जातो. सोडा अंगावर उडाल्यास भिजलेले कपडे लगेच काढून त्या जागी निदान वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ डोळा धुवावा व नंतर डॉक्टरकडे जावे. म्हणून पाण्याची भरलेली बादली सोड्याचा डबा उघडण्यापूर्वीच जवळ आणून ठेवलेली असावी.