पादपेशींचे पेशीकंकाल आणि मूत्रपिंडातील गाळण

पादपेशी (पोडोसाइट) या मूत्रपिंडातील केशिकागुच्छांवर बाहेरून बसलेल्या विशेष पेशी होत. रक्त गाळताना त्यातील प्रथिने मूत्रात उतरू न देणे हे त्यांचे मुख्य कार्य असून, ते पेशीच्या आतील तंतुमय सांगाड्यावर, म्हणजे पेशीकंकालावर अवलंबून असते.

प्रौढ माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषला जाऊन दीड-दोन लिटर मूत्र उरते. गाळणीला तीन थर असतात: केशिकेचे सच्छिद्र अंतःस्तर, आधारपटल आणि पादपेशी. पादपेशीच्या मुख्य भागातून जाड शाखा निघतात आणि त्यांना असंख्य बारीक पदप्रवर्ध फुटतात. शेजारच्या पेशींचे पदप्रवर्ध दोन हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत तसे गुंफलेले असतात. त्यांच्यामधील फट साधारण ३० ते ४० नॅनोमीटर रुंद असून तिच्यावर नेफ्रिन आदी प्रथिनांचे विरळ पटल ताणलेले असते.

पेशीचा मुख्य भाग व जाड शाखा यांना सूक्ष्मनलिका आणि मध्यम तंतू आधार देतात, तर पदप्रवर्धांत ॲक्टिनच्या तंतूंच्या जुड्या असतात. अल्फा-ॲक्टिनिन-४ हे प्रथिन या जुड्या बांधून ठेवते आणि सिनॅप्टोपोडिन त्यांना स्थैर्य देते. पोडोसिन व इतर प्रथिनांच्या मदतीने फटीवरील पटल या तंतूंशी जोडलेले असते. सांगाडा ताठर मात्र नसतो. केशिकेतील दाब सतत बदलत असल्याने तंतू सारखे मोडतात व नव्याने जुळतात. फार सैल सांगाडा जसा घातक, तसाच फार घट्टही: अल्फा-ॲक्टिनिन-४ च्या जनुकातील काही दोषांमुळे हे प्रथिन ॲक्टिनला अधिक घट्ट चिकटते आणि त्यातून मूत्रपिंडाचा आनुवंशिक रोग होतो, असे २००० साली दाखवण्यात आले. त्याआधी १९९८ मध्ये नेफ्रिनचे जनुक सापडले होते. त्यातील दोषामुळे बाळाला जन्मतःच प्रथिनमेह होतो.

सांगाडा विस्कटला की पदप्रवर्ध आखडून सपाट होतात, फटी नाहीशा होतात आणि अल्ब्युमिन मूत्रात उतरू लागते. लहान मुलांतील नेफ्रोटिक विकारात बहुधा हेच घडते. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, पुढे पाय व पोट सुजते, लघवीला फेस येतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाचा तुकडा जवळजवळ निरोगी दिसतो. सपाट झालेले पदप्रवर्ध केवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच दिसतात. स्टेरॉइडने बहुतेक मुलांचे पदप्रवर्ध पुन्हा पूर्ववत होतात, म्हणजे ही हानी बऱ्याचदा भरून येणारी असते. सायक्लोस्पोरिन केवळ प्रतिकारशक्तीवर काम करते असा समज होता. ते सिनॅप्टोपोडिनला विघटनापासून वाचवते, हे २००८ मधील संशोधनात दिसून आले.

पेशी आधारपटलापासून सुटून गेल्यास मात्र चित्र बदलते. प्रौढ पादपेशी सहसा विभाजित होत नाहीत, म्हणून रिकामी झालेली जागा व्रणाने भरते. मधुमेहात आणि खंडीय गुच्छकाठिण्यात ही हानी हळूहळू होते व रुग्णास फार काळ जाणवत नाही.

त्यामुळे मूत्रातील प्रथिन लवकर ओळखण्याला महत्त्व आहे, आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. घाटंजीच्या रुग्णाला तज्ज्ञ उपचारांसाठी यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा त्याही पुढे जावे लागू शकते, पण ही तपासणी घरी होऊ शकते. नेफ्रोटिक विकार असलेल्या मुलाच्या पालकांना सकाळची लघवी रंगपट्टीने किंवा परीक्षानळीत उकळून तपासण्यास आणि रोजची नोंद वहीत ठेवण्यास सांगितले जाते. उकळल्यावर आलेला गढूळपणा ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकूनही कायम राहिला, तर तो प्रथिनाचा समजतात. सलग तीन दिवस तीन अधिक चिन्हांइतके प्रथिन आढळल्यास आजार उलटला असे मानून डॉक्टरांकडे जावे लागते.