मुक्या डब्ल्यूचे घराणे

धुतलेले जाडेभरडे धोतर पिळणाऱ्या माणसाचे हात जरा निरखून पाहावेत. एक मनगट आत वळते, दुसरे बाहेर. कापडाला पीळ बसतो, पाणी निथळते, आणि धोतर झटकून दोरीवर टाकले तरी त्यावरच्या सुरकुत्या काही केल्या मोडत नाहीत. या साध्या कामातील मनगट, पिळणे आणि सुरकुती या तिहींना इंग्रजीत अनुक्रमे रिस्ट, रिंग आणि रिंकल म्हणतात; आणि ही रिंग अंगठीची नव्हे, कारण तिच्या आरंभी, इतर दोघींच्याही आरंभी असते तशीच, न उच्चारल्या जाणाऱ्या डब्ल्यूची आणि त्यामागोमाग येणाऱ्या आरची जोडी उभी असते. कुस्तीतील झोंबाझोंबी म्हणजे रेसल, फुलापानांचे गुंफलेले वेटोळे म्हणजे रीथ, वेदनेने अंग पिळवटणे म्हणजे राइद, अळीसारखे वळवळणे म्हणजे रिगल, आणि नट आवळण्याचा पाना म्हणजे रेंच, असे हे शब्द एका ओळीत मांडले, म्हणजे वळण, पीळ आणि वक्रता ही एकच कल्पना सर्वांतून डोकावताना दिसते. फार काय, चुकीचे या अर्थी आपण रोज ऐकतो तो राँग हा शब्दही याच ओळीतला असून त्याचा मूळ अर्थ केवळ ‘वाकडा’ एवढाच होता. वाकडे पाऊल पडले असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ती विचारसरणी परकी वाटण्याचे कारण नाही.

या गोष्टीची नोंद पहिल्याप्रथम करणाऱ्यांत, अनंताचे चिन्ह गणितात रूढ करणारा ऑक्सफर्डचा प्राध्यापक जॉन वॉलिस हा प्रमुख होय. 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजीच्या व्याकरणात त्याने अशा समानाक्षरी शब्दांच्या याद्याच दिल्या, आणि पुढे 1755 साली सॅम्युएल जॉन्सनने आपल्या सुप्रसिद्ध कोशाच्या प्रास्ताविक व्याकरणात त्या उद्धृत केल्या. ध्वनीच्या ठायीच अर्थाचे निसर्गसिद्ध सूचन असते, अशी वॉलिसची धारणा होती. ती मोहक आहे खरी, परंतु या शब्दांपुरता तरी तिच्याहून अधिक बळकट पुरावा इतिहासाच्या दप्तरात सापडतो.

प्राचीन इंग्रजीत हा डब्ल्यू स्पष्ट उच्चारला जात असे. सतराव्या शतकापर्यंत तो सामान्य बोलण्यातून गळत गेला, पण 1476 साली कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना घातल्यापासून लेखन हळूहळू स्थिर होत गेले असल्यामुळे, वहिवाट गेली तरी सनद जपून ठेवणाऱ्या वतनदाराप्रमाणे शब्दांनी ते अक्षर टाकले नाही. 1786 साली कलकत्त्यास सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे सगोत्रत्व जाहीरपणे प्रतिपादिल्यावर जे तौलनिक भाषाशास्त्र उदयास आले, त्याने या शब्दांपैकी बहुतेकांचे मूळ ‘वळणे, वाकणे’ या अर्थाच्या एका आदिम धातूपर्यंत नेऊन भिडवले. त्याच धातूचा विस्तार म्हणजे आपला ‘वृत्’. त्याच्या आरंभीचे व आणि ऋ हे ध्वनी पाहावेत: इंग्रजांच्या मुखातून लोपलेला वकार आपल्या वृत्तात, वर्तुळात, परिवर्तनात आजही खणखणीत वाजतो. निरांजनातली कापसाची वात ही संस्कृत ‘वर्ति’, म्हणजे वळून केलेली वस्तू. आणि वाटोळे हा शब्द ‘वर्तुल’चे प्राकृत रूप. मनगटाला रिस्ट म्हणणारा इंग्रज आणि हाताने वात वळणारी आपली आजी ही एकाच भाषिक घराण्याची दूरची माणसे आहेत, हे कळल्यावर मला झालेला आनंद मी लपवू इच्छीत नाही.

मात्र अक्षरे जुळली म्हणून गोत्र जुळलेच असे नव्हे. लिहिणे या अर्थीच्या राइट या शब्दातही हीच जोडी आहे, पण त्याचा पूर्वार्थ खरवडणे किंवा कोरणे असा होता, जसा आपल्या ‘लिख्’ धातूचाही होता. वळणाशी त्याचा संबंध लावणे धाडसाचे ठरेल.

याउलट, रक्ताचे नाते नसताना केवळ सहवासाने अर्थ जवळ येतात, असेही घडते. 1919 ते 1928 या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या जे. आर. फर्थ यांनी 1930 साली अशा अर्थसूचक ध्वनिसमूहांस ‘फोनेस्थीम’ अशी संज्ञा दिली. जी आणि एल या जोडीने आरंभ होणारे ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिमर हे सारे शब्द प्रकाशाचे आहेत. त्यांपैकी ग्लो ज्या मुळाचा, त्याच मुळाची इंग्रजीतील गोल्ड आणि आपले ‘हिरण्य’ ही असल्याचे पंडित मानतात. आता आपल्याकडे सिनेमाच्या जाहिरातींतून घरोघर पोचलेला ग्लॅमर हा शब्द घ्यावा. तो मूळचा ग्रामर, म्हणजे चक्क व्याकरण! विद्या म्हणजे गूढविद्या असे मानणाऱ्या अडाणी समाजात व्याकरणालाही मंत्रतंत्राचा अर्थ चिकटला, स्कॉटलंडात रकाराचा लकार झाला, आणि वॉल्टर स्कॉटच्या लेखनाने तो ‘दृष्टीवर घातलेली भुरळ’ या अर्थाने इंग्रजी वाचकांत पसरला. या शब्दावर पुढे जी झगमगाटाची छटा चढली, ती या लकारामुळे लाभलेल्या तेजस्वी शेजाराची देणगी असावी, असा माझा तर्क आहे. ग्रामर हे रूप ज्या शब्दाने कायम राखले, त्याच्या वाट्याला ती झळाळी आली नाही.